तूबा खानमची तक्रार

नवऱ्याची अफू सुटली म्हणून कुणी तक्रार घेऊन येईल, असं शकिबाला कधी वाटलं नव्हतं.

इराणमधल्या करमानशाह शहरात, जुन्या बाजारामागे मोहल्ल्याचं मानसिक आरोग्य केंद्र होतं. शकिबा तिथं समुपदेशक होती. नशा सोडू पाहणाऱ्यांशी बोलायचं, त्यांच्या घरी जायचं, कुणी घसरलं तर न रागावता पुन्हा उभं करायचं, हे तिचं काम. लोक तिला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून ती थकली होती.

मश नसरत तिच्याकडे उन्हाळ्यात आला. सत्तरी उलटलेला, उभा जन्म ट्रक हाकण्यात गेलेला. पाठ दुखते म्हणून तरुणपणी धरलेली अफू पाठीपेक्षाही घट्ट चिकटली. शेवटी छातीनं दगा दिला, आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला निक्षून सांगितलं. तेव्हापासून तो केंद्रानं दिलेली, अफू सोडवायची गोळी जिभेखाली ठेवत होता. दिलेल्या वेळेला यायचा, विचारलं तेवढंच बोलायचा, मान घालून परत जायचा. शकिबाच्या लेखी तो सगळ्यांत गुणी माणूस होता.

शरदाच्या एका सकाळी त्याची बायको तूबा खानम एकटीच आली. डोक्यावरून घेतलेली चादर सावरून खुर्चीत बसली, रुमालाची गाठ सोडली आणि आतला काळा खडा शकिबापुढे ठेवला.

“हे काय, आजी?”

“काय ते तुला माझ्याहून चांगलं कळतं, पोरी.”

“मश नसरतनी आणलं?”

“तो बिचारा कशाला आणतोय? मी आणलं, शेजारणीच्या भावाकडून. म्हटलं, गुरुवारी संध्याकाळी मसुराएवढी द्यावी. रोज नाही हं, फक्त गुरुवारी. पण आधी तुला विचारावं.”

अशा वेळी काय बोलायचं, ते शकिबाला पाठ होतं. पण म्हातारीच्या तोंडाकडे बघून तिनं ते गिळलं आणि चहा ओतला.

“का द्यायची आहे?”

तूबा खानमनं साखरेचा खडा दाताखाली धरला, एक घोट घेतला. “बोलत नाही गं तो. सकाळी उठतो, गोळी ठेवतो, भिंतीकडे बघत बसतो. जेवलात का? हूं. मीठ कमी आहे का? हूं. आणि अफूसाठी शेगडी पेटायची ना, तेव्हा काय बोलायचा. मी निखारे फुंकायचे, चहा द्यायचे, आणि तो सांगायचा. इस्तंबूलचा पूल, सोफियातला बर्फ, बेरूतचा समुद्र. दिवसभर चार पोरांचं हगणं-मुतणं, सासूची बोलणी, आणि संध्याकाळी मला बेरूत. तुम्ही त्याची अफू काढलीत, बरं केलंत. पण माझी संध्याकाळही घेऊन गेलात त्याबरोबर.”

शकिबानं आपला पेला बाजूला ठेवला. इतकी वर्षं ती घरोघरी विचारत आली होती, नशेनं तुमचं काय काय नेलं. नशा गेल्यावर काय गेलं, हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

“अफूचं हो मी म्हणणार नाही, आजी,” ती शेवटी म्हणाली. “मसुराची वाटाण्याएवढी व्हायला वेळ लागत नाही. पण तुमची तक्रार खरी आहे. मी घरी येते. बघू या.”

“मग हा खडा इथंच राहू दे. घरी नेला तर माझाच हात वळवळेल.”

दोघींनी मिळून तो संडासात टाकला आणि पाणी ओतलं. “शेजारणीला काय सांगू?” म्हणत तूबा खानम हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

शकिबा त्यांच्या घरी गेली तेव्हा अंगणातलं डाळिंबाचं झाड फळांनी वाकलं होतं. मश नसरतनं दार उघडलं, उशी दिली, स्वतः भिंतीला टेकून बसला. तूबा खानम चहाचं बघायला आत गेली. शकिबानं आधी नेहमीचं विचारून घेतलं. झोप लागते का, भूक लागते का, जीव नकोसा होतो का.

“मरायचं असतं तर सोडली कशाला असती?” तो म्हणाला.

“मग आजींशी बोलत का नाही?”

त्यानं आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “काय बोलू? सगळं खोटं होतं, बाई. मी कधी सरहद्द ओलांडली नाही. बंदर अब्बास, अहवाझ, तबरीझ, आणि परत. इस्तंबूलचं गॅरेजच्या चहावाल्याकडे दुसऱ्या ड्रायव्हरांकडून ऐकलेलं. दोन झुरके घेतले की जीभ सुटायची, मी त्याला मीठमिरची लावायचो. आता शुद्धीवर तिच्या डोळ्यांत बघून थाप मारवत नाही. आणि खरं सांगावं, तर खऱ्यात आहे काय? रस्ता, धूळ, पंक्चर.”

“हे त्यांना सांगा ना.”

“तुम्हाला शपथ आहे, तिला कळता कामा नये. तिनं माझ्या तोंडून जग पाहिलंय. म्हातारपणी माझी एवढी लाज तरी राहू द्या.”

निघताना तूबा खानम गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. “इस्तंबूलचं सांगितलं का तुला?” तिनं विचारलं, आणि शकिबा गडबडली हे बघून तिच्या हातावर थोपटलं. “माझा भाऊ हाशेम त्याच गॅरेजात मेकॅनिक होता, पोरी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं मला सांगितलं, दाजींचा ट्रक कुठं कुठं जातो ते. पण हे मश नसरतला बोलू नकोस. शरमेनं मरेल तो.”

शकिबा बस येईपर्यंत थांब्यावर उभी होती, हसावं की रडावं ते न कळून. दोघांची गुपितं तिच्या पदरात, आणि तिच्या कामाचा पहिला नियम असा की एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. तो नियम तिनं कधी मोडला नव्हता. आताही मोडणार नव्हती. पण दोघांना एका सतरंजीवर बसवायला तर कुणाची मनाई नव्हती.

पुढच्या भेटीला ती नान-बेरेंजीचा, तांदळाच्या बिस्किटांचा, पुडा घेऊन गेली आणि चहा ओतून झाल्यावर तूबा खानमला बसवूनच घेतलं. “आजी, आज तुम्ही सांगायचं. मश नसरतच्या ट्रकमध्ये तुम्ही कधी बसलात की नाही?”

“एकदाच,” तूबा खानम म्हणाली. “लग्न नवं होतं. अहवाझला नेलं मला. मागे संत्री भरलेली.”

“टरबुजं,” मश नसरत भिंतीकडे बघत म्हणाला.

“संत्री होती हो. मला वास आठवतो.”

“संत्री येताना. जाताना टरबुजं. पूलदोख्तरच्या वळणावर तू दार उघडून ओकलीस, ते टरबुजांवर की संत्र्यांवर, ते मला विचारतेस?”

“परक्या बाईपुढे काय सांगताय?” तूबा खानम चादरीत तोंड लपवून म्हणाली. पण ती थांबली नाही. रात्री केबिनमध्ये त्यानं स्वतःचा कोट तिला कसा दिला, स्वतः कुडकुडत बाहेर शेकोटीपाशी कसा बसला, सगळं सांगितलं. आणि बोलण्याच्या भरात म्हणाली, “मला वाटायचं, दर वेळी न्यावं. अहवाझ काय, बंदर अब्बास काय. तेवढेच तर तुमचे रस्ते होते.”

आपण काय बोललो ते तिला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मश नसरतनं हातातला पेला खाली ठेवला.

“कधीपासून माहीत आहे?” त्यानं विचारलं.

“पहिल्या वर्षापासून. आमचा हाशेम गॅरेजात पाना घेऊन झोपला होता का?”

“आणि तरी ऐकत बसलीस? इतकी वर्षं?”

“तुम्ही सांगायचात छान,” तूबा खानम म्हणाली. “आणि माझ्यासाठी सांगायचात. गॅरेजातल्या एकाही माणसानं बायकोसाठी एवढी मेहनत घेतली नव्हती.”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले. शकिबाला आधी वाटलं, रडतोय. रडत होता, पण हसतही होता. तूबा खानमनं चादरीच्या टोकानं त्याचे डोळे पुसले आणि ओरडली, “चहा निवतोय.”

“आता काय सांगू तुला?” तो म्हणाला. “खऱ्यात काही नाही गं. पंक्चरच पंक्चर.”

“मग पंक्चर सांगा.”

त्यानं घसा खाकरला. असदाबादच्या घाटात बर्फात टायर फुटलं आणि जॅक घरी राहिला होता, तिथून त्यानं सुरुवात केली. आधी अडखळत, मग थोडा सावरून. तूबा खानमनं मध्येच टोकलं, “जॅक घरी राहिला कसा, मी स्वतः ठेवला होता सीटखाली.” आणि दोघांची तिथंच जुंपली. शकिबा उठली, चपला घातल्या. तिला सोडायला कुणी आलं नाही. त्या घरातून पाहुणा असा एकटा कधी गेला नसेल.

सगळं सुरळीत झालं असं नाही. हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नात, हर्सीनला, पाहुण्यांच्या शेगडीपाशी मश नसरत बसला आणि उठला तो अफूचे झुरके घेऊनच. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन केंद्रात आला. बायको बरोबर होती. ती त्याच्या वतीनं एक शब्द बोलली नाही, फक्त शेजारी बसून राहिली. “या, बसा,” शकिबा म्हणाली आणि गोळ्यांचं वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून समजावलं. इराकशी झालेल्या युद्धाच्या वर्षांतल्या ट्रकच्या फेऱ्यांबद्दल तो बायकोशी कधी तरी बोलला, एवढं शकिबाच्या कानावर आलं. काय बोलला, ते तिनं विचारलं नाही.

तूबा खानम आता सोमवारच्या बायकांच्या बैठकीला येते आणि इतकी बोलते की इतरांना तोंड उघडायला मिळत नाही. नव्या येणाऱ्या बायकांना ती बजावते, “सुटल्यावर घर मुकं होतं गं. घाबरू नका, आणि शेजारणीकडे जाऊ नका.”

आणि शकिबा हल्ली कुठल्याही घरी पहिल्यांदा गेली की झोपेचं, भुकेचं विचारून झाल्यावर आणखी एक विचारते: “संध्याकाळी तुमच्या घरात कोण बोलतं?” काही लोक चमकतात. काही लगेच सांगतात. परवा एका तरुण बायकोनं बराच विचार केला, मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “टीव्ही.” शकिबानं उशी ओढली आणि नीट मांडी घालून बसली.