संपलेल्या सेलचा डबा

घर आवरायला घेतलं की कळतं, वस्तू विकत घेणं सोपं आणि टाकणं महाकठीण. मोडक्या खुर्च्या, जुने कपडे कोणीही नेतो. पण जळालेल्या ट्यूबलाइट, पाऱ्याचा थर्मामीटर, तळाशी घट्ट बसलेल्या रंगाचे डबे, मुदत संपलेल्या गोळ्या? कचरागाडीवाला त्यांना हातसुद्धा लावत नाही. "ताई, हे आमच्यात येत नाही," म्हणतो आणि गाडी पुढे काढतो. बाबा गेल्यापासून प्रत्येक सुट्टी मी यातच घालवत होते. नाकी नऊ आले होते.

घर मालकाला परत द्यायचं होतं, आणि त्याआधी आईचं काय ते ठरायचं होतं. धाकट्या भावाने तिकडे दूर बसून ठरवूनही टाकलं होतं. "ताई, आईचं डोकं आता चालत नाही. विचारावं एक, सांगते भलतंच. एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय मी. चांगला आहे." उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण त्याला खोडून काढायला माझ्याकडे तरी काय होतं? जेवलीस का विचारलं की आई म्हणायची, "खिडकी लावलीय मी."

आईला कानाचं यंत्र होतं. बाबा गेले आणि थोड्याच दिवसांत ते बंद पडलं. "टाकून दिलं," एवढंच ती म्हणाली. आधी घराचं बघू, मग नवं घेऊ, असं करता करता वर्ष गेलं. वर्षभर मी तिच्याशी नुसती ओरडून बोलत होते, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी घसा बसला की मी बोलणंच सोडून द्यायची. खरं सांगायचं तर वृद्धाश्रमाला मी मनातून जवळजवळ हो म्हटलं होतं.

बाबा घड्याळजी. गिऱ्हाइकाने नुसती काच बदलायला घड्याळ दिलं, तरी आतला सेल उतरला असेल तर गुपचूप नवा घालून द्यायचे. "सांगायचंय काय त्यात? चालतंय ना घड्याळ?" संपलेला सेल मात्र त्यांनी कधी कचऱ्यात टाकला नाही. "मातीत गेला तर विष, पोराच्या पोटात गेला तर जीव जाईल," म्हणायचे. प्रत्येक सेलला चिकटपट्टी गुंडाळायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचा. पण डबा नेऊन द्यायचा कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुकान बंद झालं तरी तो भरतच राहिला.

आता असल्या कचऱ्यासाठी एक केंद्र निघालंय. पत्र्याची शेड, ओळीने पिंपं, आणि हातमोजे घातलेली एक वैतागलेली बाई. मी पिशव्या तिच्यापुढे ठेवल्या.

"सरमिसळ चालणार नाही. गोळ्या तिकडे, सेल इकडे. डबा उघडून ट्रेमध्ये ओता."

"अहो, तसाच घ्या ना. सगळे सेलच आहेत."

"सगळे असंच म्हणतात. परवा एकाच्या डब्यात दाताची कवळी निघाली."

मी डबा ओतला. बाबांची पट्टी कशी घट्ट, टोकं सरळ कापलेली. त्या सगळ्यांत एक पुडकं वेगळं होतं, शेंगेएवढं, पट्टी वेडीवाकडी गुंडाळलेली. आईच्या हातचं. मी ते सोडवलं. आत तिचं कानाचं यंत्र होतं.

क्षणभर रागच आला. मग गोळ्यांच्या पिशवीतलं एक पाकीट आठवलं. बाबांच्या खणात सापडलं होतं, औषधच असेल म्हणून मी टाकलं होतं. काढून बघितलं तर बारके गोल सेल, प्रत्येकावर रंगीत चिकटी. निम्मी घरं रिकामी, निम्मे सेल शिल्लक. त्यातल्या एकाची चिकटी सोलली, यंत्राचं इवलंसं झाकण उघडून आत बसवला. मुठीत धरलं तर यंत्र बारीक शीळ घालायला लागलं.

"चालू आहे की!" बाई म्हणाली. "चालू वस्तू आम्ही घेत नाही. चला, मागे रांग आहे."

घरी आले तर आई पलंगावर बसून रिकाम्या भिंतीकडे बघत होती. मी यंत्र तिच्या कानात बसवलं आणि सवयीने ओरडले, "आई! ऐकू येतंय का?"

ती दचकली. "अगं, केवढ्याने! बहिरी आहे का मी?"

मला हसू आलं आणि रडूही. "आई, फक्त सेल संपला होता गं."

"कसला सेल?"

"यंत्राचा. तो सारखा बदलावा लागतो."

"काहीतरीच. इतक्या वर्षांत मी एकदाही बदलला नाही." बोलता बोलता ती थांबली. "दर रविवारी पुसून देतो म्हणून न्यायचे ते. मला वाटायचं, काय मेली हौस आहे माणसाला."

मी सेलचं पाकीट तिच्या हातात ठेवलं.

"मला वाटलं, हे गेले तसं तेही गेलं. म्हणून ह्यांच्याच डब्यात ठेवलं. पट्टी लावून, ह्यांच्यासारखी." मग ती खूप वेळ रडली. बाबा गेले तेव्हाही इतकी रडली नव्हती.

"चहा टाकू?" मी हळूच विचारलं.

तिने मान वर केली. "किती थकलाय गं तुझा आवाज."

वर्षभरात हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच पलंगाला टेकून खाली बसले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"भावाला फोन लाव," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मी बोलते."

"आमचं काय चाललंय ते तुला कसं कळलं?"

"कान बंद होते. डोळे नव्हते."

मी फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून भावाचं नेहमीचं ओरडणं मलाही ऐकू आलं.

"अरे, हळू बोल, ऐकू येतंय मला," आई म्हणाली. "आता नीट सांग, मला कुठे टाकायचं ठरवलंय तुम्ही?"