रेघ मारलेले दोन वाफे

मित्रांनो, मी एक जुनी शेतनोंदींची वही आहे. कर्जतजवळच्या एका भात संशोधन केंद्रावर मला सगळे 'फील्डबुक' म्हणत.

१९७३ च्या खरिपात मी येसाजींच्या हाती आले. नोंदी ठेवणे हे त्यांचे काम. शेतात भाताचे चाळीस नवे वाण लावले होते, प्रत्येकाचे चार वाफे. शेतावर मजुरी करणारी बायजाबाई चिखलात उभी राहून प्रत्येक रोपाला आलेले फुटवे मोजायची, ओरडून आकडा सांगायची आणि येसाजी तो माझ्या पानावर उतरवायचे. तिला वाचता येत नव्हते, पण तिचा आकडा कधी चुकला नाही.

भाद्रपदात उल्हास नदी फुगली, बांध फुटला आणि केंद्राच्या यादीत १८४ नंबर असलेल्या वाणाचे दोन वाफे वाहून गेले. येसाजींनी गुडघाभर पाण्यात उभे राहूनच माझ्या पानावरच्या त्या दोन वाफ्यांच्या घरांत आडव्या रेघा मारल्या आणि समासात लिहिले, 'बांध फुटला. वाणाचा दोष नाही.'

मळणी संपली त्याच आठवड्यात भाताच्या पेंढ्यांच्या उडवीजवळ येसाजींना साप चावला. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. कित्येक दिवस मला कोणी उघडले नाही.

मग केंद्रावर नवे अधिकारी ठोसर साहेब आले आणि मला मुंबईला घेऊन गेले. तिथे खोलीएवढा कॉम्प्युटर होता. त्याला माझी अक्षरे वाचता येत नसत. माझा प्रत्येक आकडा जाड कार्डावर भोके पाडून त्याला द्यावा लागे. रेघेसाठी कोणते भोक पाडायचे, हे कार्डे करणाऱ्या मुलीला कोणी सांगितले नव्हते. तिने तिथे शून्य घातले. समासातले शब्द तर कार्डावर गेलेच नाहीत.

निकालाचा लांबलचक कागद घेऊन साहेब माझ्यासह केंद्रावर परतले. १८४ चाळिसावा, म्हणजे शेवटचा!

"बायजाबाई, १८४ चं बियाणं गिरणीत देऊन टाका," साहेब म्हणाले.

त्या वाणाचे बियाणे जगात तेवढेच होते, एक पत्र्याचा डबा. बायजाबाईने तो उचलला, पण जागची हलली नाही.

"साहेब, ह्यो भात वाईट नाय."

"मशीनने हिशेब केलाय, बाई."

"मशीन व्हतं का तवा बांधावर? मी व्हते. येसाजीदादांनी माज्यासमोर लिवलंय. वही काढा."

साहेब जरा चिडलेच. तरी त्यांनी मला उघडले. चिखलाने खरखरीत झालेल्या त्या पानावर त्यांचे बोट थांबले. त्यांनी समासातले शब्द मोठ्याने वाचले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी रेघा पाहिल्याच नाहीत. डबा जागेवर ठेवा."

त्यांनी कार्डे पुन्हा करून घेतली. त्या दोन जागा कोऱ्या ठेवल्या आणि कोरी जागा हिशेबात धरायची नाही, हे कॉम्प्युटरला शिकवले. या खेपेस १८४ तिसरा आला. पुढच्या वर्षी तो पुन्हा शेतात उभा राहिला.

आता १९८६ साल आहे. केंद्रावर टेबलावर मावणारा कॉम्प्युटर आला आहे. सगळ्या जुन्या वह्या त्यात साठवायच्या, म्हणजे हिशेबाला आकडे थेट तिथूनच घेता येतील. नोंदी भरणारी सोमी म्हाताऱ्या बायजाबाईला शेजारी बसवून घेते आणि प्रत्येक रेघेचे कारण विचारते. बायजाबाई सांगते, सोमी लिहिते. कुठे तुडतुडे पडले होते, कुठे गुरे शिरली होती.

काल माझ्या शेजारच्या वहीत सात रेघा निघाल्या. समास कोरा.

"इथं काय झालं होतं, आजी?" सोमीने विचारले.

बायजाबाईने पानावरून हात फिरवला. "त्या शेतावर मोजाया धाऊ व्हती गं. ती वारली. मला नाय ठावं."

सोमीने त्या सात जागा कोऱ्या सोडल्या.

मित्रांनो, आकडा लिहाल तेव्हा शेजारी दोन शब्दही लिहा. आणि विचारायचे असेल, तर माणूस आहे तोवर विचारा.