फाट्यावरची नर्सबाई

नोकरीला लागली तेव्हा ज्योती नर्सबाई वारं प्यायलेल्या वासरासारखी टेकडीवरच्या वस्तीत घरोघर हिंडायची. पुढे शिरपूरला बदली मिळेना, तसं तिचं कामातलं मनच उडालं. आता ती शिरपूरहून स्कूटीवर फाट्यापर्यंत यायची, निंबाखाली ऐसपैस बसायची आणि बायांना खाली बोलवायची. लस तेवढी चोख द्यायची. बाकी तपासणी म्हणजे "बरं आहे ना?" बाई "हां" म्हणाली, की झालं. रक्तदाबाचं यंत्र पिशवीत झोपा काढत होतं.

त्या दिवशी तानुबाई नवव्या महिन्यातल्या सुनेला, कोकिळाला, घेऊन टेकडी उतरल्या. कोकिळाचे पाय इतके सुजले होते, की चप्पल हातात होती. "दिवस भरत आले की सुजतातच," म्हणून ज्योती मोकळी झाली.

एवढ्यात तालुक्याच्या डॉक्टरांची जीप न कळवता येऊन उभी राहिली. ज्योती लगबगीने उठून उभी राहिली. डॉक्टरांनी थेट तानुबाईंना विचारलं, "अक्का, सिस्टर घरी येतात का? तपासतात का?"

"येतस ना. बठ्ठं तपासतस. आज आम्हीच बाजारले निंघनूत, म्हनीसन आठे भेटनूत."

बाजाराला निघाल्याचं ऐकताच कोकिळाने हळूच सुजलेले पाय साडीखाली ओढून घेतले. डॉक्टर ज्योतीला शाबासकी देऊन निघून गेले.

"अक्का, खोटं का बोललात?" ज्योतीने खालमानेने विचारलं.

"खरं सांगतू ते तुमनी नोकरी जाती. मांगली सिस्टर गई, मंग कोनीच उनं नही. तुम्ही फाटालगून तरी येतस."

कोणीच न येण्यापेक्षा फाट्यापर्यंत येणारी बरी, या हिशेबात ना राग होता, ना टोमणा. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ज्योतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून तिने यंत्र काढून पट्टा कोकिळाच्या दंडाला बांधला. आकडा पाहिला आणि तिने पुन्हा एकदा मोजून पाहिलं. बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवावर बेतणारा आकडा होता तो.

दवाखान्यात न्यायला गाडी एकच, डॉक्टरांची जीप, आणि ती आत्ताच गेली होती. ज्योतीने डॉक्टरांना फोन लावला.

"सर, गाडी वळवा. पेशंटचं बीपी फार वाढलंय."

"मागच्या महिन्यात किती होतं?"

तानुबाई हाताने खुणावत होत्या, सांगू नका म्हणून.

"घेतलंच नव्हतं, सर. मी वस्तीवर जातच नाही. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या."

फोनमधून जीप वळल्याचा आवाज आला. तानुबाईंनी सुनेला आधार देऊन उठवलं आणि ज्योतीकडे पाहत म्हणाल्या, "आते फाटावर बी कोन येई?"