कुसुमावतीबाईंचा धर्म

वेदिकाच्या टॅबवर त्या दिवशी तिसऱ्याच घराचा फॉर्म अडकून बसला होता आणि तिचं डोकं फिरायच्या बेतात होतं. कुठल्याशा संस्थेनं नागपूरकरांच्या धार्मिक जीवनाचं सर्वेक्षण काढलं होतं. एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, हा नियम. तिचे आदल्या दिवशीचे दोन फॉर्म अपूर्ण म्हणून परत आले होते. तिसरा परत आला तर उद्यापासून येऊ नको, असं सुपरवायझर रोशननं स्वच्छ सांगितलं होतं.

सकाळी एका ख्रिस्ती मास्तरांचं घर दहा मिनिटांत उरकलं. संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनेचा वार, सगळं तयार. पुढच्या घरातल्या मुस्लिम ताईंना 'संस्थापक' हा शब्द खटकला. आमचा दीन, आमचा धर्म म्हणजे काय कोणी काढलेलं दुकान आहे का, म्हणाल्या. पण बाकी रकाने त्यांनीही भराभर भरून दिले.

आणि आता गोळीबार चौकामागच्या गल्लीत कुसुमावतीबाई. कोष्ट्यांचं घर. हातमाग बंद पडून वीस वर्षं झालेली, मुलगा चेतन मिहान उद्योगवसाहतीत कामाला. मागाचा खड्डा बुजवून वर फरशी टाकली होती, पण तिच्यावर चपलेचा पाय पडलेला बाईंना खपत नसे. वेदिका आत शिरली ती नेमकी तिथंच उभी राहिली आणि बोलणी खाऊन बसली.

"धर्म कोणता, आजी?"

"हिंदू. अजून कोणता?"

"त्याचा संस्थापक कोण?"

"मले काय मालूम वं? सासू असती तं तिनं सांगतलं असतं."

"धर्मग्रंथ वाचता?"

"मले वाचता नाही येत."

"आठवड्यातून कितीदा देवळात जाता?"

"मनात आलं तं जाते."

"मग तुम्ही करता तरी काय?" वेदिकानं चिडूनच विचारलं.

बाई आरामात मांडी घालून सांगू लागल्या. अमावस्येला माग चालवायचा नाही. आता माग नाही, तर सुईसुद्धा हातात घ्यायची नाही. मागाच्या धोट्याला पाय लागला तर धोटा उचलून कपाळाला लावायचा. मागावरून नवं लुगडं उतरलं की आधी देवीपुढं ठेवायचं. अर्धा तास हे चाललं आणि यातल्या एकाही गोष्टीला टॅबमध्ये जागा नव्हती.

वेदिकाला भयंकर संताप आला. म्हातारीचा नाही, प्रश्न लिहिणाऱ्याचा. त्यानं एका घराचं माप घेतलं होतं आणि सगळ्या गावाला तोच सदरा शिवला होता. तिनं रोशनला फोन लावला.

"अरे यार, काहून डोकं लावून राहिली?" तो म्हणाला. "ग्रंथ गीता टाक, देऊळ दर आठवड्याले टाक, अन् हो पुढे."

तिनं टाकलं. लाज वाटली, पण टाकलं. मग शेवटचा प्रश्न आला: दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळी नियमित जाता का?

बाईंचा चेहरा खुलला. "जाते ना. ताजबागेत, बाबाच्या दर्ग्यात. लेकरू होत नव्हतं मले, बाबानं देल्लं. चेतन पोटात होता तवापासून चाळीस वर्षं झाले, एकही उरूस नाही चुकला."

वेदिकानं 'हो' दाबलं. टॅबवर लाल पट्टी आली: उत्तरं जुळत नाहीत. एक तर ते 'हो' बदला, नाही तर धर्माच्या रकान्यात 'कोणताही नाही' निवडा.

तिनं तीनदा मागंपुढं करून पाहिलं. पट्टी हलेना.

"आजी, ताजबाग नाही लिहिली तर चालेल का? नुसतं इथं, टॅबमध्ये."

"काहून?"

"तिथं जात असाल तर तुम्हाला हिंदू लिहिता येत नाही म्हणते हे."

कुसुमावतीबाईंनी टॅबकडे पाहिलं, मग वेदिकाकडे.

"ज्यानं लेकरू देल्लं त्याले मी नाही म्हणू? ह्या डब्ब्यासाठी?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "धर्म काढून टाक माहा. बाबाले नको काढू."

वेदिकानं 'कोणताही नाही' दाबलं.

हिरवी खूण आली आणि फॉर्म गेला. मिनिटभरात रोशनचा मेसेज आला: शाब्बास, हा एकदम बरोबर भरला.