एका दमाचा गोटा

मी गोटा बोलतोय. मारुतीच्या पारापुढं पडलेला, काळा, गोल, गुळगुळीत. वजन पाऊण क्विंटलच्या थोडं वर. धरायला कुठं खाच नाही की कड नाही.

इतकी वर्षं गप्प का होतो, असं तुम्ही विचाराल. मला कुणी विचारलंच नाही. माणसं माझ्यावर बसली, चुन्याची बोटं मला पुसली, निवडणुकीत माझ्या पोटावर चिन्हंही रंगवली. पण ह्या दगडालाही काही सांगायचं असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. आता मात्र माझ्यानं गप्प बसवत नाही.

माझा जन्म मांजरा नदीच्या पात्रातला. पाण्यानं घासून घासून मला गोल केलं. मग कधीतरी चार तरुण आले, मला बैलगाडीत घालून पाटोद्याजवळच्या ह्या गावात घेऊन आले आणि मारुतीपुढं टाकून म्हणाले, आता कळेल कुणात किती ताकद आहे ते.

तेव्हापासून दर हनुमान जयंतीला नारळ फुटला की पोरं शर्ट काढून माझ्याभोवती जमत. नियम एकच. मला जमिनीवरून थेट खांद्यावर घ्यायचं, तेही एका दमात. मध्येच मांडीला टेकला की बाद. हा नियम का? तर मेंढपाळ सटवाबाबानं ऐन जवानीत मला असंच उचललं होतं म्हणे. ही गोष्ट दर वर्षी वाढत गेली. आधी बाबानं मला नुसतं खांद्यावर घेतलं होतं. मग खांद्यावर घेऊन ते ओढ्यापर्यंत चालत गेले. अलीकडं तर त्यांनी देवळाला तीन फेऱ्या घातल्याचंही मी ऐकलं.

पोरं दर वर्षी हरायची. कुणाची कंबर धरायची, कुणाचं मनगट मुरगळायचं. आणि पारावरची म्हातारी मंडळी म्हणायची, आताच्या पोरांत काय दम हाय? पोरं हरली की ह्या लोकांच्या तोंडावर जे तेज येतं, ते मी फार जवळून पाहिलंय. वयानं मी ह्या सगळ्यांपेक्षा मोठा. पण ह्या असल्या मोठेपणाची मला चीड आहे.

गेल्या हनुमान जयंतीला सहा पोरं एकामागून एक हरली आणि गर्दीतून उज्ज्वला पुढं आली. उज्ज्वला म्हणजे मेंढरं राखणाऱ्या बायनाबाईची मुलगी. पाटोद्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिथल्या सरांनी तिला वेटलिफ्टिंग शिकवलं होतं, पण वजनं अडकवायचा तिथला बार आठवड्यातून एकदाच तिच्या वाट्याला यायचा. आणि गंमत अशी की आमच्या पारामागं गावची व्यायामशाळा आहे. आत सरकारी योजनेतून आलेला नवा कोरा बार, लोखंडी चकत्या, सगळं होतं. त्यावर माजी सरपंच अर्जुनरावांच्या सोयाबीनच्या गोण्या रचलेल्या, आणि कुलपाची किल्ली अर्जुनरावांच्या खिशात.

"अण्णा, दिवाळीनंतर बीडला निवड हाय," उज्ज्वला म्हणाली. "मला रोज सराव पाहिजे. खोलीची किल्ली द्या."

अर्जुनरावांनी चपलेच्या टोकानं मला टोचलं. "हा गोटा खांद्यावर घे, अन् किल्ली घे."

सगळे हसले. पारावरून कुणीतरी बजावलं की मारुतीच्या गोट्याला बाईमाणसानं हात लावू नये.

"वर्षभर तुमचं बूड टेकलेलं चालतं त्याला," ती म्हणाली, "अन् माझा हात चालत न्हाई?" मग ती अर्जुनरावांकडं वळली. "पोळ्याला उचलते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालं असताना, ती आली. माझ्याभोवती हात घातले, जोर लावला. मी तसूभर हललो नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपण कुणालाच जमत नाही ह्याचाही एक माज असतो.

तिसऱ्या दिवशी तिनं एक तुराटी आणली. तुरीची वाळकी काडी, करंगळीएवढी जाड. खांद्याचं तिनं नावच काढलं नाही. मला जेमतेम उचललं आणि पायाच्या अंगठ्यानं ती काडी माझ्याखाली सरकवली. "आज एवढंच," म्हणाली आणि घरी गेली. मी अवाक्! आजवर जो आला त्याला थेट खांदाच दिसायचा. ह्या पोरीनं माझ्याकडून फक्त एका काडीची जागा मागितली होती, आणि ती तिला मिळालीही होती.

मग काडीच्या जागी वीट आली. आषाढात तिनं मला पाराच्या पहिल्या पायरीवर ठेवलं, नंतर दुसरीवर. रोज थोडं वर. मला तर दुपार कधी होते असं व्हायला लागलं!

श्रावणात मात्र घोडं अडलं. गुडघ्यापर्यंत मी जात होतो, पण तिथून एका दमात हिसका दिला की निसटत होतो. एकदा तिच्या अंगठ्यावरच पडलो. नख काळंनिळं झालं. तिनं दुसऱ्या पायानं मला लाथ घातली आणि मुडद्या म्हणाली. सटवाबाबा पारावर बसून रोज हे बघत होते. त्या दिवशी ते काठी टेकत खाली आले.

"उज्जे, एक सांगतो. म्या ह्याला गुडघ्याच्या वर नेलाच न्हाई."

तिला आधी कळलंच नाही. मग बाबांनी सगळं सांगितलं. मी त्यांच्या हातातून पडलो होतो. बघणारे दोघंच होते. त्या दोघांनी गावभर खांद्यावर घेतल्याची बढाई मारली आणि बाबांनी नाही म्हटलं नाही. एका दमाची अट तर बाबांनीच घातली होती, दुसऱ्या कुणाला जमू नये म्हणून.

बाबांचं सगळं खरं होतं. मला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटलं, आता ही पोर खचणार. जे आजवर कुणालाच जमलं नाही ते मला काय जमणार, असं म्हणणार. पण ती हसली.

"म्हंजे मी आताच तुमच्या बरोबरीला आले की, बाबा!"

मग तिचं हसू गेलं. पन्नास वर्षं गावातली पोरं तुमच्या एका खोट्यापायी कंबर मोडून घेतायत, असं तिनं त्यांना तोंडावर सुनावलं. बाबांची मान खाली गेली. समजूत काढायला ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एका दमाचा हट्ट सोडला. चालता चालता एखादी मेंढी वाटेत बसली की बायनाबाई तिला कशी उचलते, ते उज्ज्वलानं लहानपणापासून पाहिलं होतं. आधी उकिडवं बसायचं. मेंढी मांडीवर ओढायची. पोटाखालून दोन्ही हात घालून तिला छातीशी धरायची. श्वास घ्यायचा. मग उठायचं, आणि उठता उठता तिला खांद्यावर कलती करायची. हे काम ती बाई रोज करत होती, आणि त्याला ताकद म्हणावं असं पारावरच्या एकालाही सुचलं नव्हतं.

पोळ्याला सजवलेले बैल देवळापुढं आले, गाव गोळा झालं. उज्ज्वलानं ओढणी कमरेला बांधली आणि खाली बसली. मी मांडीवर आलो. छातीशी आलो. तिचं काळीज माझ्या पोटावर धाडधाड वाजत होतं. ती उठली, आणि मी वर, वर, वर! जन्मात पहिल्यांदा मी माणसांच्या डोक्यांवरून पाहिलं. शाळेचे पत्रे दिसले, बैलांची रंगवलेली शिंगं दिसली, लांब डोंगरावर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसली. एवढं जग माझ्यापासून खांदाभर अंतरावर होतं!

तिनं मला खाली ठेवलं तेव्हा अर्जुनराव म्हणाले, "मांडीला टेकला. एका दमात न्हाई. बाद."

लोक कुजबुजले. नियम तो नियम, असं कुणी म्हणालं. सगळ्यांच्या नजरा सटवाबाबांकडं गेल्या. नियम त्यांचा होता. बाबा उठले. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला.

"तो नियम खोटा हाय," ते म्हणाले. "म्या ह्याला कधीच उचलला न्हाई. ह्या गावात पहिल्यांदा उचलला तो ह्या पोरीनं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. बायनाबाई पुढं आली आणि तिनं अर्जुनरावांपुढं हात पसरला. गाव बघत होतं. अर्जुनरावांनी खिशातून किल्ली काढली.

हनुमान जयंतीला हरलेल्या सहाही पोरांनी त्या संध्याकाळी सोयाबीनच्या गोण्या बाहेर काढल्या. दिवाळीनंतर उज्ज्वला बीडला गेली आणि तिसरी आली. निवड दोघींचीच होती. दोन किलो कमी पडले, असं तिनं येऊन सांगितलं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बारला भिडली.

आजवर नऊ जणांनी मला खांद्यावर घेतलंय, त्यात चार पोरी. सटवाबाबा पारावरून ओरडून पाय कुठं ठेवायचा ते सांगतात. त्यांच्या जुन्या गोष्टी आता कुणी ऐकत नाही, पण हे सांगणं ऐकतात. आज सकाळीच उज्ज्वला आणि तिघी जणी टेम्पो घेऊन डोंगराकडं गेल्यात. माझ्यापेक्षा जड गोटा शोधायला! थोडं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण कधी येतात, केवढा आणतात, म्हणून जीव नुसता वरखाली होतोय.

तुमच्याही गावात माझा एखादा भाऊबंद पडलेला असेल. तो कुणालाच उचलता येत नाही, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील. ऐकून घ्या. मग त्याच्याजवळ जा, हात लावा आणि त्यालाच विचारा. आम्ही जड असतो, पण खोटं बोलत नाही.