दुसरी वेलांटी

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला आणि डॉक्टरांसारखा चेहरा करून सांगितलं, “हा गेला, मावशी. भंगारात द्या आता.”

मावशींनी यंत्राच्या पोटावर तळहात ठेवला. आतला पंखा घरघरत होता.

“धुगधुगी आहे अजून,” त्या म्हणाल्या. “आणि धुगधुगी असेपर्यंत आम्ही चादर तोंडावर ओढत नाही.”

बाईंचा सगळा जन्म इस्पितळाच्या वॉर्डात नर्स म्हणून गेलेला. निवृत्त झाल्यावर त्या गल्लीच्या मावशी झाल्या. एकटा नवरा तेवढा त्यांना अजून ‘सिस्टर’ म्हणायचा, तोही चिडवायला. आणि आता महिने लोटले, तेही कोणी म्हटलं नव्हतं.

नवरा सांजदैनिकात प्रूफं वाचायचा. शुद्धलेखनाच्या बाबतीत माणूस सख्ख्या बापाची गय करणार नाही असा. मावशींच्या किराणा यादीतही लाल शाईने वेलांट्या सुधारायचा. मावशी ‘दिर्घ’ लिहायच्या, कायम पहिली वेलांटी. “अगं, निदान ‘दीर्घ’ला तरी दीर्घ दे! दीला दुसरी!” असं तो कपाळ धरून म्हणायचा. “वेलांटीने पेशंट मरत नाही,” असं मावशींचं ठरलेलं उत्तर. संसार असा हसतखेळत चालला होता, आणि एका सकाळी दात घासता घासता तो कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शब्द आत शिल्लक आहेत की तेही गेले, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

लेकीने नवाकोरा लॅपटॉप आणला. मनापासून आणला बिचारीने. पण त्याच्या कळा सपाट, जवळजवळ. बाबांचा डावा हात त्यावर चाचपडला आणि त्यांनी तो बाजूला सारला. जुन्या लॅपटॉपवरची अक्षरं झिजून पार पुसली होती, पण त्यांच्या बोटांना तिथली गल्ली न् गल्ली पाठ होती. अडचण एकच. तो सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा, की तोवर त्यांची मान छातीवर पडलेली असायची.

“आई, तू स्वतःलाच फसवतेयस गं,” लेक एकदा म्हणाली. “बाबांना आता काही कळत नाही.” मायेनेच म्हणाली ती, पण मावशींना ते सुईसारखं लागलं. दुसऱ्याच दिवशी जुना लॅपटॉप पिशवीत घालून त्या या दुकानात आल्या होत्या.

मावशी उठत नाहीत म्हटल्यावर दुरुस्तीवाला जरा विरघळला. म्हणाला, यंत्र चांगलं आहे, पण अंगापेक्षा बोंगा जड झालाय. शरीर म्हाताऱ्याचं आणि आत घातलेली सिस्टीम आजची. ती काढून एखादी हलकी सिस्टीम घातली तर धावेलसुद्धा. पैसे नाहीत तिला, फुकट मिळते.

फुकट म्हणताच मावशींच्या भुवया वर गेल्या. खोट कुठे आहे, असं त्यांनी सरळ विचारलं. खोट नाही, त्याने समजावलं. जगभरची माणसं मिळून ती बनवतात आणि सगळ्यांसाठी उघडी ठेवतात. ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्त करावी आणि पुढे पाठवावी.

“म्हणजे सगळे आमच्या ह्यांच्याच जातीचे म्हण की,” मावशी म्हणाल्या. “न सांगता लोकांच्या चुका काढत बसणारे.”

त्याने एका पेनड्राइव्हवर ती सिस्टीम घालून दिली. आधी नुसती चालवून बघा, आतल्या कशाला धक्का लागणार नाही, असं सांगितलं. कोणती कळ कधी दाबायची हे मावशींनी नवं इंजेक्शन शिकावं तसं त्याच्याकडून घटवून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी दूध तापत ठेवलं आणि लॅपटॉप सुरू केला. दूध वर येण्याआधी पडदा उजळला. मावशींना इतका आनंद झाला की दूध उतू गेलं. त्यांनी कोरं पान उघडलं, नवऱ्याची खुर्ची टेबलाशी ओढली आणि त्याचा डावा हात कळांवर ठेवला.

बोटं चालली. हळूहळू, पण न चाचपडता चालली. पडद्यावर मात्र भलतंच उमटत होतं. एम, एफ, पुन्हा एम, डी, मग हवेत टांगलेला स्वल्पविराम, शेवटी जे.

नवरा त्या अक्षरांकडे बघत राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांची वेलांटी खपवून न घेतलेला माणूस तो. त्याने हात ओढून घेतला, मांडीवरच्या पांघरुणाखाली लपवला आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशींनी ते पुसलं खरं, पण त्यांचाही धीर खचला. लेकीचंच खरं होतं की काय?

तरी वॉर्डातली सवय. नमुना टाकून द्यायचा नाही. हाताशी कागद नसला की रक्तदाब तळहातावर लिहायचा, तशीच त्यांनी ती अक्षरं पेनने तळहातावर उतरवली आणि लॅपटॉप उचलून परत दुकान गाठलं.

“बघ बाबा,” त्यांनी तळवा पुढे केला. “हे वेड्याचं लिहिणं आहे की शहाण्याचं? खरं काय ते सांग.”

दुरुस्तीवाल्याने तळवा वाचला आणि स्वतःच्याच डोक्यावर टपली मारली. “मावशी, चूक माझी आहे. यात मराठी सुरूच केलं नव्हतं मी. काकांनी मराठी समजून दाबलं, यंत्राने इंग्रजी समजून छापलं. थांबा.” त्याने मराठी सुरू केलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “आता त्याच कळा दाबा.”

आपल्या यंत्रावरची अक्षरं पुसलेली, म्हणून मावशी शेजारच्या यंत्रावर कळ बघायच्या, मग आपल्याकडची दाबायच्या. एम दाबलं, स आला. एफ दाबलं, त्याला पहिली वेलांटी लागली. शेवटचं जे दाबलं तेव्हा पानावर स्वच्छ शब्द उभा होता: सिस्टर.

कुठे काना-मात्रेची चूक नव्हती. मावशी तिथल्या स्टुलावर बसल्या आणि उघड्याबोडक्या यंत्रांच्या पसाऱ्यात हमसून हमसून रडल्या. दुरुस्तीवाल्याने पंखा त्यांच्याकडे वळवला.

मग त्यांनी नाक पुसलं. “आधी ह्यांचं आतलं जुनं सगळं काढून ठेव. मग ही सिस्टीम कायमची बसवायची. पण बसवणार मी. तू नुसता शेजारी बस. उद्या काही दुखलंखुपलं तर घरी कोण बघणार?” आणि खरंच बसवली बाईंनी, एकेक प्रश्न मोठ्याने वाचून, ‘पुढे’ दाबण्याआधी दर वेळी त्याच्याकडे बघून.

त्या घरी पोचल्या तेव्हा लेक बाबांपाशी बसली होती. ती काही विचारायच्या आत मावशींनी लॅपटॉप टेबलावर मांडला, सुरू केला. नवऱ्याचा हात पांघरुणाखालीच होता. मराठी नीट उमटतंय ना, हे त्याला आधी दिसावं म्हणून मावशींनी एका बोटाने पानाच्या माथ्यावर लिहिलं: दिर्घायू व्हा

आणि त्या औषधासाठी पाणी कोमट करायला ओट्याकडे वळल्या.

कळ वाजली तशा थबकल्या. पांघरुणाखालचा हात बाहेर आला होता. एक बोट बाण असलेल्या कळेवर होतं आणि पडद्यावरची उभी रेघ एकेक अक्षर मागे सरकत होती. ती ‘दि’पाशी थांबली. वेलांटी पुसली गेली. नुसता द उरला.

“आई, बाबा पुसतायत बघ सगळं,” लेक पुढे झाली. मावशींनी तिचं मनगट धरलं.

“थांब. काम करतायत ते.”

बोट कळांवरून फिरलं, एका कळेवर थांबलं. आणि ‘द’च्या पुढे दुसरी वेलांटी उभी राहिली.

लेकीने तो शब्द वाचला, पुन्हा वाचला, आणि तोंडावर हात ठेवला. नवऱ्याने मावशींकडे बघितलं. ओठांची जी बाजू त्याचं ऐकायची, ती जराशी वर गेली होती. वेलांटीने पेशंट मरत नाही, हे ठरलेलं उत्तर मावशींनी आज मागे घेतलं. त्यांनी मान डोलावली.

त्याचं मात्र अजून संपलं नव्हतं. त्याने रेघ सावकाश ओळीच्या शेवटी नेली आणि मावशी द्यायला विसरलेला पूर्णविराम दिला.