दीड तासाचं विमान

मुलगा काल मोबाईलवर बोट आपटत म्हणाला होता, "बाबा, आठशे चाळीस किलोमीटर! ट्रकनं सोळा तास, विमानानं दीड. उगाच हट्ट करू नका." तेवढ्यावर न थांबता त्यानं आत्याच्या घरीही कळवून टाकलं, की बाबा उद्या अकराला पोचतायत.

आता बारा वाजले होते आणि म्हातारा ड्रायव्हर सोबत निघालेल्या मुलाशेजारी विमानतळाच्या खुर्चीत दातओठ खात बसला होता. विमानाचा पत्ता नव्हता.

चौतीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. त्याच्या लेखी अंतर म्हणजे या दाराच्या कडीपासून त्या दाराच्या कडीपर्यंत. पंक्चर, चहा, नाका, सगळं धरायचं, वर दोन तास टाकायचे आणि मग घरच्यांना वेळ सांगायची. लवकर पोचलं म्हणून कुणी शिव्या देत नाही. विमानवाल्यांचा दीड तास मात्र चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचा. घरून इथं यायचे दोन तास, रांगेतले दोन तास, 'तांत्रिक कारणा'चे अडीच तास कुणाच्या बापाचे? काल दुपारी तिकडंच निघालेल्या दोस्ताच्या ट्रकमध्ये चढला असता, तर सकाळी सातला आजारी बहिणीच्या, अक्काच्या उशाशी असता.

तो काउंटरवर गेला. "ओ ताई, कधी सुटणार?"

"लवकरच, आजोबा."

"लवकरच म्हणजे किती? माझ्या क्लीनरनं असं उत्तर दिलं असतं तर भर रस्त्यात उतरवला असता."

"आम्हाला तरी कुठे कोण काय सांगतं?" ती रडवेली होऊन म्हणाली. तिच्यावर भडकून काय होणार! तो मुलाकडे वळला, तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"मामा, कुठवर आलात? आई वेदनेचं इंजेक्शन घेत नाहीये. म्हणते, झोप लागेल, आधी भावाला बघू दे. पहाटेपासून पोट धरून कण्हतेय. डॉक्टर आता ऐकत नाहीत. एक वाजता ऑपरेशनला नेणारच. पुढचं काही सांगता येत नाही म्हणाले."

ड्रायव्हरच्या अंगाची लाही लाही झाली. आई गेल्यावर ज्या बहिणीनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, ती एका खोट्या आकड्यापायी तडफडत होती.

"फोन तिच्या कानाला लाव."

पलीकडून धाप ऐकू आली. "आलास का रे?"

आत्ताच उतरलो, असं सांगावंसं वाटलं. पण तसं सांगितलं तर ती आणखी कळ काढील.

"नाही अक्का. विमान जमिनीवरच आहे. इंजेक्शन घे."

"नाही घेणार."

"घे म्हणतो ना! आयुष्यभर तुझंच ऐकत आलो, आज माझं ऐक. मी एकच्या आत पोचत नाही."

ती कण्हली. मग म्हणाली, "मेल्या, ओरडतोस कशाला? टोचा म्हणावं." आणि फोन भाच्याकडे गेला.

मुलगा मान खाली घालून उभा होता. "बाबा, मला वाटलं..."

"तुला वाटलं! तिला अकराची वेळ सांगण्याआधी एकदा मला विचारायचं होतंस. जन्म रस्त्यावर गेला माझा."

माईकवर विमानाची घोषणा झाली आणि लोक धडाधड उठले. मुलानं पिशवीला हात घातला. बापानं ती हिसकावली आणि त्याच्याकडे न बघता रांगेत जाऊन उभा राहिला.